नेट सुधारलं आणि व्हिडिओ अडकायला लागला

लोकलमध्ये असाल तर इअरफोन नीट खोचून घ्या, घरी असाल तर चहा घेऊन बसा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

आज किल्ला नाही, राजा नाही, लढाई पण नाही. आजचा इतिहास एका जुन्या लॅपटॉपच्या आत दडलेला आहे. आणि तो मला सापडला तो आमच्या घरातल्या भांडणामुळे.

भांडण काय, ते आधी सांगतो. २०२० चा लॉकडाऊन. आम्ही बदलापूर पूर्वेला राहतो. बहीण बारावीत, कॉलेज बंद, अभ्यास सगळा ऑनलाइन. पहिले पाच-सहा महिने ती बाबांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लेक्चरचे व्हिडिओ बघायची. चित्र धूसर, पण चालायचं. मग दिवाळीनंतर आम्ही हौसेनं फायबर नेट घेतलं. चांगलं ५० एमबीपीएसचं. आणि दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ अडकायला लागले. सरांचा आवाज पुढे, चित्र मागे. सर म्हणतायत "हे समीकरण बघा", आणि पडद्यावर अजून मागचीच ओळ.

म्हणजे बघा, नेट वाईट होतं तेव्हा व्हिडिओ बरा चालत होता. नेट चांगलं झालं तसा बिघडला. हे कसं काय?

बाबांनी अर्थातच नेटवाल्याला फोन लावला. एक पोरगा आला, त्यानं स्पीड टेस्ट लावून दाखवली. "काका, बघा ना, ४८ येतोय. आमच्याकडून काहीच नाही." बाबा म्हणाले, "अहो, ते काट्यावर येतंय, पण व्हिडिओत कुठे येतंय?" तो गेला. दोन दिवसांनी दुसरा आला, त्यानं राउटर बदलला. व्हिडिओ तसाच. मग घरात ठरलं की लॅपटॉप म्हातारा झाला, आता नवीन घ्यावा लागणार. आणि नवीन घेणं त्या वर्षी जमणारं नव्हतं. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. त्या वर्षी काम महिन्यातून जेमतेम पंधरा दिवस होतं.

लॅपटॉप कुठून आला

हा लॅपटॉप २०१५ चा. म्हणजे आमच्याकडे २०१५ ला आला, तो बनला होता २०११ च्या आसपास. मी बीटेकला लागलो तेव्हा बाबा मला घेऊन उल्हासनगरला गेले होते. कॅम्प नंबर तीनमधलं एक दुकान. कुठल्या तरी मोठ्या ऑफिसनं काढून टाकलेले लॅपटॉप तिथे रांगेत मांडलेले होते. सेकंड जनरेशनचा कोअर आय३, ४ जीबी रॅम. बाबांनी अर्धा तास घासाघीस केली, मी अर्धा तास शरमलो.

उल्हासनगरचं नाव काढलं की आपल्याकडे लोक हसतात. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुमच्या काकांनी पण तुम्हाला सांगितला असेल. पण त्या गावाचा इतिहास बघितला तर हसू जरा कमी होतं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर लोकांना सरकारनं त्या बराकींमध्ये आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या उपस्थितीत गावाला उल्हासनगर नाव मिळालं. पण आजही रिक्षावाल्याला आपण नंबरच सांगतो: एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. छावणीचे ते नंबर तसेच राहिले.

बराक बांधली होती चार-सहा वर्षं सैनिकांना झोपता यावं म्हणून. तिच्यात लोकांनी संसार केले, पापड लाटले, कारखाने काढले. वस्तू एका कामासाठी बनते आणि तिला करावं लागतं दुसरंच काम. हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्या लॅपटॉपचं दुखणं नेमकं हेच होतं.

लॅपटॉपवर दुकानदारानं टाकून दिलेलं विंडोज ७ होतं. १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट संपला, तेव्हा मी ते काढून लिनक्स मिंट टाकलं. मशीन एकदम हलकं झालं. म्हणून घरात अजून एक संशयित होता: माझं लिनक्स. आई म्हणाली, "तूच काहीतरी केलंयस."

आपण नेटलाच शिव्या का देतो

व्हिडिओ अडकला की आपलं बोट पहिलं नेटकडे जातं. याला पण इतिहास आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. टेलिफोनची लाइन, मोडेमची ती किरकिर, आणि व्हिडिओ वगैरे विषयच नाही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सरकारनं "ब्रॉडबँड" कशाला म्हणायचं ते ठरवलं: किमान २५६ केबीपीएस. हो, केबीपीएस. २०१३ मध्ये ते ५१२ झालं, आणि २ एमबीपीएस व्हायला २०२३ उजाडलं.

यूट्यूब सुरू झालं २००५ मध्ये, म्हणजे आपल्या त्या २५६ च्या काळात. चार मिनिटांचं गाणं लावायचं, पॉज करायचं, आणि ती पट्टी पूर्ण भरेपर्यंत जेवून यायचं. ज्यांनी हे केलंय त्यांच्या डोक्यात एक समीकरण कायमचं बसलं: गोल फिरतंय म्हणजे नेट स्लो. त्या काळात ते बरोबर पण होतं.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. डेटा इतका स्वस्त झाला की बदलापूर लोकलमध्ये उभं राहायला जागा नसली तरी हातात व्हिडिओ चालू. जुनं समीकरण तेव्हाच बदलायला हवं होतं. पण सवय जात नाही.

लॉकडाऊनमध्ये तर ती आणखी पक्की झाली. २४ मार्च २०२० ला व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं की नेटवर्कवरचा ताण कमी करायला मोबाईल नेटवर व्हिडिओ ४८०पीच्या वर द्यायचा नाही, १४ एप्रिलपर्यंत. पेपरात सगळीकडे एकच विषय, नेटवर्कवर ताण. मग आमच्या घरात तरी दुसरं काय सुचणार?

त्या रात्री काय दिसलं

खरं सांगायचं तर मी पण महिनाभर दुर्लक्ष केलं. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, माझ्याकडे कंपनीचा नवा लॅपटॉप, दिवसभर मीटिंगा. बहीण दोनदा म्हणाली, "दादा, जरा बघ ना." मी म्हटलं, "क्वालिटी कमी कर." ती म्हणाली, "कमी केली की फळ्यावरचं वाचता येत नाही." मी म्हटलं, "बघतो." आणि बघितलं नाही.

जानेवारीत एका रात्री तिची गणिताची वही माझ्या हाताला लागली. इंटिग्रेशनची गणितं. मध्येमध्ये तीन-तीन ओळी कोऱ्या. त्या कोऱ्या जागेशेजारी समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: "दिसलं नाही." एका पानावर नाही, पुष्कळ पानांवर. ती नंतर बाबांच्या मोबाईलवर तेवढाच भाग बघून जागा भरायची. पण बाबांचा फोन रात्री मिळायचा, आणि रात्री ती दमलेली असायची. बऱ्याच जागा तशाच राहिल्या होत्या.

मी गप लॅपटॉप घेऊन बसलो.

व्हिडिओवर राइट क्लिक केलं की यूट्यूबवर एक पर्याय दिसतो, "स्टॅट्स फॉर नर्ड्स". तो उघडला की कोपऱ्यात काळी चौकट येते. त्यातल्या तीन ओळी मी बघितल्या.

पहिली, बफर हेल्थ. म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच उतरवून ठेवलेत. आकडा होता चाळीसच्या वर. पुढचे चाळीस सेकंद मशीनमध्ये येऊन पडले होते, मग नेटचा प्रश्नच कुठे आला?

दुसरी, ड्रॉप्ड फ्रेम्स. व्हिडिओ म्हणजे पटापट दाखवलेली स्थिर चित्रं. वेळेत दाखवता न आलेली चित्रं मशीन फेकून देतं. तो आकडा मीटरसारखा पळत होता.

तिसरी, कोडेक. तिथे लिहिलं होतं व्हीपी९.

शेजारी टर्मिनलमध्ये "टॉप" ही कमांड चालू केली. प्रोसेसर पंचाण्णव टक्क्यांवर. पंखा विमानासारखा ओरडत होता आणि तळ इतका गरम की मांडीवर ठेवायची सोय नाही.

म्हणजे माल दारात येऊन पडला होता. घरात घ्यायला माणूस कमी पडत होता.

कपाट सुटं करून आणायचं

आता जरा मागे जाऊ. व्हिडिओ मुळात केवढा असतो? ७२०पीचं एक चित्र म्हणजे १२८० गुणिले ७२० ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट. सेकंदाला पंचवीस चित्रं. हिशोब केला तर सेकंदाला सुमारे ६९ एमबी. पाऊण तासाचं लेक्चर म्हणजे १८६ जीबी! आणि तरी आपण ते काही शे एमबीमध्ये बघतो. तीन-चारशे पट दाबून.

ही दाबादाबी ज्या गणितावर उभी आहे, त्याच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे. नासीर अहमद, जन्म १९४० चा, बंगळूरचा. तिथलंच इंजिनीअरिंग, पुढे अमेरिकेत प्राध्यापक. १९७२ मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, एक नवं गणिती रूपांतर अभ्यासायचंय म्हणून. प्रस्ताव नाकारला गेला. पुढे त्यांनी सांगितलंय की परीक्षकांपैकी एकाला तर ही कल्पना फारच साधी वाटली होती. त्यांनी तरी काम सोडलं नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्याबरोबर जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापला: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. तुमच्या फोनमधला जेपीईजी फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, आजचे व्हिडिओ, सगळीकडे हेच किंवा याचीच भावंडं आहेत.

कल्पना अशी. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ठळक बदल किती आणि बारीक बदल किती, ते वेगळं करायचं. डोळ्याला न जाणवणारं बारीक सोडून द्यायचं. त्यावर दुसरी युक्ती: मागच्या चित्रात जे होतं ते पुन्हा पाठवायचंच नाही. फळा तोच, भिंत तीच, फक्त सरांचा हात हलला. मग फक्त "हात इकडून तिकडे गेला" एवढंच पाठवायचं.

मी आईला हे उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटवरून समजावलं. तिथून कपाट घेतलं आणि आख्खंच्या आख्खं टेंपोत टाकलं तर टेंपो भरला. सुटं केलं तर त्याच टेंपोत चार कपाटं. पण मग घरी आल्यावर कोणीतरी ते जोडावं लागतं. जितकं जास्त सुटं करू तितका टेंपो स्वस्त, आणि तितकं घरी जोडायचं काम जास्त. सुटं कसं करायचं आणि परत कसं जोडायचं, त्या पद्धतीला म्हणतात कोडेक.

तीस वर्षांचा व्हिडिओचा इतिहास एवढाच आहे: टेंपोचा खर्च कमी करत जायचं आणि जोडायचं काम घरच्या माणसावर टाकत जायचं.

व्हीसीडीच्या डब्यात काय होतं

तुमच्यातल्या काहींना व्हीसीडी आठवत असेल. गणपतीत मंडळापुढे, नाहीतर लग्नाच्या आदल्या रात्री, भाड्यानं प्लेअर आणून सिनेमा. सिनेमा दोन-तीन सीड्यांत, आणि नेमकी शेवटची सीडी घासलेली. व्हीसीडीचा नमुना ठरला १९९३ मध्ये, आत एमपीईजी-१ नावाचा कोडेक. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका सीडीत ७४ मिनिटं.

गंमत ऐका. त्या काळचा पीसी एमपीईजी-१ उलगडताना धापा टाकायचा. त्यासाठी वेगळं डिकोडर कार्ड विकत मिळायचं. आणि तो स्वस्त व्हीसीडी प्लेअर मात्र न अडखळता सिनेमा दाखवायचा. कारण त्याच्यात एक चिप होती जिला जगात दुसरं काहीच येत नव्हतं, फक्त एमपीईजी-१ जोडणं. पीसीचा प्रोसेसर म्हणजे सगळं येणारा माणूस, पण प्रत्येक काम हातानं करणारा.

पुढे ही चिप प्रोसेसरच्या आतच आली. २००३ मध्ये एच.२६४ हा कोडेक आला आणि त्यानं जग जिंकलं: डिश टीव्ही, ब्लू-रे, मोबाईल, सगळं. जानेवारी २०११ मध्ये इंटेलनं सेकंड जनरेशनचे कोअर प्रोसेसर आणले, त्यांच्या ग्राफिक्समध्ये एच.२६४ जोडणारा स्वतंत्र भाग होता. आमच्या लॅपटॉपमध्ये तोच. म्हणजे ज्या लॅपटॉपला आम्ही म्हातारा म्हणत होतो, त्याच्या पोटात व्हिडिओसाठीच बनवलेलं एक हत्यार होतं. ते रिकामं बसलं होतं.

का? कारण येणारा माल एच.२६४ चा नव्हता.

व्हीपी९ कुठून आलं

एच.२६४ मध्ये एक मेख आहे. त्यावर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत आणि डिकोडर बनवून विकणाऱ्याला रॉयल्टी द्यावी लागते. गूगलनं फेब्रुवारी २०१० मध्ये ऑन२ नावाची कोडेक बनवणारी कंपनी घेतली, मे महिन्यात तिचा व्हीपी८ सगळ्यांसाठी मोकळा केला, आणि २०१३ मध्ये व्हीपी९ पूर्ण केला. रॉयल्टी नाही, आणि तेवढ्याच दर्जाला निम्म्यापर्यंत कमी डेटा, असा त्यांचा दावा.

हे चुकीचं होतं का? अजिबात नाही. २०१६ नंतर आपल्याकडे जे कोट्यवधी लोक दिवसाच्या एक-दीड जीबी पॅकवर व्हिडिओ बघायला लागले, त्यांचा पॅक व्हीपी९ मुळेच जास्त पुरला. नव्या फोनांत व्हीपी९ ची चिप येत गेली, त्यामुळे जोडायच्या कामाची झळ त्यांना लागली नाही. लॅपटॉपमध्ये मात्र इंटेलचा व्हीपी९ चा पूर्ण हार्डवेअर डिकोडर २०१६ च्या सातव्या जनरेशनमध्ये आला. आमचा दुसऱ्या जनरेशनचा. मधल्या पाच पिढ्यांचं अंतर आमचा प्रोसेसर एकट्यानं, हातानं, भरून काढत होता.

मग हॉटस्पॉटवर का चालायचं? कारण व्हिडिओ साइट "ऑटो" वर असताना मुख्यतः नेट बघून क्वालिटी ठरवते. टेंपो छोटा होता तेव्हा माल थोडा यायचा: ३६०पी, ४८०पी. तेवढं हातानं जोडून व्हायचं. फायबर आलं, साइटला वाटलं आता मोठा टेंपो आहे, पाठवा १०८०पी. १०८०पीमध्ये ४८०पीच्या जवळपास पाचपट ठिपके असतात. नेट सुधारलं म्हणूनच व्हिडिओ अडकला. नेटवाला पोरगा खरं बोलत होता.

आणि लिनक्स?

आईचा संशय अगदीच खोटा नव्हता. चिपमध्ये सोय असणं वेगळं आणि ब्राउझरनं ती वापरणं वेगळं. लिनक्सवर चिपच्या त्या भागापर्यंत पोचायला व्हीए-एपीआय नावाचा रस्ता इंटेलनंच बांधला होता. व्हिडिओ प्लेअर तो वर्षानुवर्षं वापरत होते. ब्राउझर मात्र कचरायचे, कारण लिनक्सवर ग्राफिक्सचे ड्रायव्हर शंभर तऱ्हांचे, कुठे काय फुटेल सांगता येत नाही. फायरफॉक्समध्ये सर्वसाधारण लिनक्स डेस्कटॉपवर ही सोय आली ऑगस्ट २०२० च्या ८० व्या आवृत्तीत, ती पण आपण सेटिंगमध्ये जाऊन चालू केली तर. इंटेलवाल्यांसाठी ती आपोआप चालू झाली जुलै २०२३ मध्ये.

पेटंटचा काटा पण होताच. म्हणून तर काही लिनक्स टाकताना "मल्टिमीडिया कोडेक हवेत का" असं वेगळं विचारतात. २०२२ मध्ये फेडोरानं तर पेटंटच्याच कारणानं एच.२६४ ची हार्डवेअर सोय आपल्या मेसा पॅकेजमधून काढून टाकली.

मग केलं काय

क्रमानं सांगतो, कारण तुमच्याकडे पण असं मशीन असणार.

एक. पंखा साफ केला. मागचं झाकण उघडलं तर जाळीवर धुळीची गोधडी. गरम झालेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे आधीच हातानं काम, त्यात हात बांधलेले. ब्रश आणि ब्लोअर, पंधरा मिनिटं.

दोन. ब्राउझरमध्ये एच२६४-इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकलं. ते करतं एवढंच: साइटला सांगतं की या ब्राउझरला व्हीपी९ येत नाही. मग साइट एच.२६४ पाठवते. खोटं बोलायचं, पण कोणाचं नुकसान नाही. सेकंदाला साठ चित्रंवाले व्हिडिओ नको म्हणायची खूण पण त्यात आहे, ती केली.

तीन. टर्मिनलमध्ये "व्हीएइन्फो" चालवून बघितलं की चिप काय काय जोडू शकते. यादीत एच.२६४ होतं, व्हीपी९ नव्हतं. म्हणजे निदान बरोबर. जुन्या इंटेलसाठी आय९६५ नावाचा ड्रायव्हर लागतो, तो होता.

चार. फायरफॉक्सच्या "अबाउट कॉन्फिग" पानावर जाऊन व्हीए-एपीआयची खूण चालू केली, ब्राउझर बंद करून परत उघडला.

पाच. क्वालिटी "ऑटो" वरून काढून ७२०पीवर कायम केली. चौदा इंचाच्या पडद्यावर फळा वाचायला ते पुरतं.

तेच लेक्चर लावलं. प्रोसेसर पस्तीस-चाळीस टक्के. ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा थांबला. पंखा गप्प. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी इंटिग्रेशनचं आख्खं लेक्चर नुसतं बघत बसलो.

सकाळी बाबांना समजावत होतो: चिपमध्ये एक भाग आहे, तो एकाच प्रकारचा व्हिडिओ उलगडतो, दुसरा आला की... बाबांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, "म्हणजे जिग एका जॉबचं होतं आणि माल दुसऱ्या जॉबचा येत होता. मग सगळं हातानं मार्किंग. वेळ लागणारच. त्यात मशीनचा काय दोष?"

मी चार वर्षं बीटेक केलं, वर दीड वर्षं नोकरी. इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. अंबरनाथच्या शेडमध्ये रोज हेच घडतं. ठरलेल्या जॉबला जिग असतं, तुकडा अडकवला, भोक पाडलं, पुढचा. जॉब बदलला की तोच कारागीर, तेच मशीन, पण दिवसाचे नग निम्म्यावर येतात. तिथे कोणी कारागिराला म्हातारा म्हणत नाही. आधी विचारतात, ड्रॉइंग बदललं का?

बहिणीला काय वाटलं? ती आधी खूश झाली आणि मग चिडली. "म्हणजे हे महिन्यापूर्वी पण झालं असतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे तीन रविवार मी तिच्याबरोबर बसून त्या कोऱ्या जागा भरल्या. ती लेक्चर चालवायची, मी थांबवायचो, ती लिहायची. जिथे "दिसलं नाही" होतं ते तिनं खोडरबरनं पुसलं. जून २०२१ मध्ये राज्यात बारावीची परीक्षाच रद्द झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण सीईटी झाली, आणि सीईटीत गणित होतं.

हे आता का सांगतोय

कारण चक्र परत फिरतंय. व्हीपी९ च्या पुढचा एव्ही१ हा कोडेक २०१८ मध्ये आला. अजून कमी डेटा, अजून जास्त जोडकाम. इंटेलमध्ये त्याची चिप आली अकराव्या जनरेशनपासून, २०२० मध्ये. त्याआधीचे लॅपटॉप आता हळूहळू आमच्या लॅपटॉपच्या जागी येतील. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे ठीकठाक चालणारी कितीतरी मशीनं लोक काढून टाकतायत. त्यातली बरीच उल्हासनगरच्या त्या रांगेत येऊन उभी राहतील. कोणाचा तरी बाप अर्धा तास घासाघीस करून त्यातलं एक घरी नेईल, आणि त्यावर कोणीतरी लिनक्स टाकेल.

तेव्हा घरातलं कोणी "व्हिडिओ अडकतोय" म्हणालं, तर "नेट स्लो असेल" म्हणून मोकळे होऊ नका, आणि "मशीन जुनं झालं" म्हणून पण नाही. ती काळी चौकट उघडा आणि दोन आकडे बघा. बफर रिकामं असेल तर नेट. बफर भरलेलं आहे आणि फ्रेम्स गळतायत, तर मशीन जे हातानं करतंय त्याचं जिग त्याच्याकडे आहे का, ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. मी त्याला महिना लावला.

तो लॅपटॉप अजून चालतो. आता आई त्यावर कीर्तन ऐकते आणि रेसिपी बघते. मध्ये एकदा तिनं मला हाक मारली, "अरे, हे अडकतंय बघ." मी उठलो, लगेच गेलो. यावेळी खरंच नेट गेलं होतं. सोसायटीत वायरिंगचं काम चालू होतं.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरातल्या जुन्या मशीनची गोष्ट असेल तर नक्की सांगा. पुढच्या भागात भेटूया. तोपर्यंत इअरफोनचा आवाज जरा कमी ठेवा, आणि दरवाज्यात लटकू नका!